नारळकोपर आणि पिवळं रक्त

गेल्याच्या गेल्या नारळी पौर्णिमेला माझ्या हातून नारळ सुटला आणि थेट आमच्या सोसायटीच्या चेअरमनच्या स्कूटरवर जाऊन आदळला. नारळ फुटला नाही, आरसा फुटला. नारळ लढवण्याच्या खेळात ज्याचं फुटतं तो हरतो. त्या हिशेबाने स्कूटरविरुद्धचा सामना मी जिंकलेलो होतो, आणि तसं मी लगेच जाहीरही केलं. बाकी सगळे हसले. चेअरमन हसले नाहीत.

ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. एकाने नारळ मुठीत घट्ट धरायचा, दुसऱ्याने आपल्या नारळाने त्यावर वरून टोला हाणायचा. मग पाळी उलट. फुटलेला नारळ जिंकणाऱ्याच्या पिशवीत. आमच्या कोकणातल्या गावचा हा खेळ मी डोंबिवली पश्चिमेला आणला. आमची इमारत खाडीपासून जवळ. संध्याकाळी खाडीकाठच्या गावातली मंडळी सोनेरी कागदात मढवलेला नारळ घेऊन वाजतगाजत बंदराकडे जातात. त्याआधी, दुपारी, आमच्या आवारात नारळांची मारामारी. इतकी वर्षं त्यातला अजिंक्य वीर मी. माझ्या आयुष्यात अजिंक्य म्हणावं असं दुसरं काहीही नाही, हे इथेच नमूद करतो.

तर त्या दिवशी नारळ सुटला तो हात घसरला म्हणून नाही. कोपराच्या बाहेरच्या बाजूला अशी कळ आली की बोटं आपोआप उघडली. ती उघडली ती पुढे कित्येक महिने धड मिटलीच नाहीत. चहाचा कप उचलला की कळ. कुलपात किल्ली फिरवली की कळ. कोणाशी हात मिळवला तर डोळ्यांत पाणी, आणि समोरच्याला वाटायचं, काय भावुक माणूस आहे!

जवळच्या डॉक्टरांनी सांगितलं, "टेनिस एल्बो."

मी म्हटलं, "डॉक्टर, मी आयुष्यात रॅकेट धरली ती फक्त डास मारायला."

"नाव आहे हो ते. नारळाने झालं असेल तर नारळकोपर म्हणा."

त्यांनी व्यायाम लिहून दिला. तो मी चार दिवस अतिशय निष्ठेने केला. पाचव्या दिवशी मॅच होती.

खरा घाव पुढे बसला. दिवाळीनंतरच्या मीटिंगमध्ये चेअरमननी, आरसा मनात ठेवून, प्रस्ताव मांडला : यापुढे मला खेळाचा कायमचा पंच करावं. टाळ्या पडल्या. हात असलेली प्लास्टिकची खुर्ची ठरली. कोणीतरी तिच्यासाठी उशीही शिवून देते म्हणालं. मला त्या उशीचीच धास्ती बसली. खुर्चीवरून माणूस परत उठू शकतो, पण उशीवरून कोणी उठत नाही. मी तिथल्या तिथे उभा राहून म्हणालो, "पुढच्या नारळी पौर्णिमेला मी खेळणार. हरलो तर उशीसकट खुर्ची घेईन."

बायको शेजारी बसली होती. हळूच म्हणाली, "आधी चहाचा कप उचला."

आता यात आमचे व्याही शिरतात. मुलगी दिली आहे घोडबंदर रोडला, एका गगनचुंबी संकुलात. तिच्या सासऱ्यांना गुडघ्याचं दुखणं आणि नव्या गोष्टींचं वेड, दोन्ही एकदमच लागलेलं. त्यांचा फोन आला, "व्याहीबुवा, रविवारी या. आमच्याकडे हॉटेलात स्टेम सेलचं सेमिनार आहे. फुकट. जेवणासकट." शेवटचा शब्द त्यांनी मला ओळखून उच्चारला होता.

रविवारी हॉटेलात सूटवाले एक गृहस्थ पडद्यावर चित्रं दाखवत होते. आधी काठी टेकणारी बाई, नंतर तीच बाई डोंगरावर. तुमच्याच पोटाच्या चरबीतून स्टेम सेल, म्हणजे मूळपेशी, काढायच्या आणि दुखऱ्या जागी सोडायच्या. मूळपेशी म्हणजे जिचं अजून काय व्हायचं ते ठरलेलं नाही अशी पेशी. ती हाड होईल, कूर्चा होईल, हवं ते होईल.

व्याही माझ्या कानात म्हणाले, "बघा, तुमच्या पोटाचा शेवटी कशाला तरी उपयोग झाला."

कच्चा माल माझ्याकडे मुबलक होता, हे खरंच. मी जवळजवळ तयार झालेलो. पण प्रश्न विचारा म्हटलं की माझा हात वर जातो, हा माझा जुना आजार. डावा हात वर करून मी विचारलं, "काय व्हायचं ते ठरलेलं नाही म्हणता, मग माझ्या कोपरात जाऊन तिने परत चरबीच व्हायचं ठरवलं तर?"

लोक हसले. गृहस्थही हसले आणि म्हणाले, "सर, या पेशी इंटेलिजंट असतात. त्यांना बरोबर कळतं."

मी एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीत आयुष्य काढलं. ज्या व्हॉल्व्हबद्दल ‘त्याला बरोबर कळतं’ असं सांगितलं जायचं, तोच पहिला गळायचा. माझा उत्साह तिथेच आटला. जेवणाबद्दलचा नव्हे. निघताना त्यांनी नाव आणि नंबर लिहून मागितला. मी नाव माझं लिहिलं आणि नंबर व्याह्यांचा. ही माझी खोडी पुढे किती लांब जाणार होती, ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

मुलीला हे कळल्यावर तिने दोन्हीकडच्या ज्येष्ठांना फोनवर सारखंच झापलं आणि माझी ठाण्यातल्या एका हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे वेळ घेतली. बाई तरुण, बोलायला रोखठोक. मशीन लावून कोपर पाहिलं आणि म्हणाल्या, "काका, इथे सूज नाहीये."

"अरे वा!"

"वा नाही. सूज असती तर बरं होतं. मनगट उचलणाऱ्या स्नायूंची दोरी या हाडाला बांधलेली असते, तिला कंडरा म्हणतात. तिथे रक्त कमीच पोचतं. तुमच्या कंडरेला बारीक बारीक चिरा पडल्या, शरीराने थोडी डागडुजी केली आणि काम अर्धवट टाकून निघून गेलं. आता तिथे कोणी फिरकत नाही."

"म्हणजे घोडबंदर रोडचे खड्डे," मी म्हणालो.

"तसंच समजा. आता काय करायचं, तर शरीराला पुन्हा सांगायचं की इथे जखम आहे, या."

मी स्टेम सेलचं विचारलं. त्यांनी खुर्ची जरा पुढे ओढली. "काका, रक्ताच्या काही आजारांत अस्थिमज्जेतल्या मूळपेशी माणसाचा जीव वाचवतात. पण तिथे त्यांनी रक्त बनवायचं असतं, आणि ते त्यांचं रोजचंच काम. कोपरा-गुडघ्यांवर अजून अभ्यास चालू आहेत. टोचलेल्या पेशी तिथे मुक्काम करून नवं काही बांधतात, असं पक्कं दिसलेलं नाही. बऱ्याचशा मरतात. मरायच्या आधी आजूबाजूच्या पेशींना काही निरोप देत असाव्यात, एवढंच. आणि असं सरसकट विकायला आपल्याकडे परवानगीही नाही."

"मग तुम्ही काय टोचणार?"

"तुमचंच रक्त. त्यातला कामाचा भाग. पीआरपी म्हणतात."

मग त्यांनी जे समजावलं ते मी आजही इमारतीत कोणालाही, न विचारता, समजावून सांगतो. रक्तात प्लेटलेट नावाचे बारीक तुकडे फिरत असतात. बोट कापलं की ते धावत येतात, एकमेकांना चिकटतात आणि भोक बुजवतात. हे आपण शाळेत शिकलो. शाळेत सांगितलं नाही ते असं की प्रत्येक प्लेटलेटच्या पोटात पुड्या असतात. चिकटल्यावर त्या पुड्या फुटतात आणि त्यातून रसायनं बाहेर पडतात. ती रसायनं म्हणजे हाका. आधी साफसफाई करणाऱ्या पेशी येतात, मग बांधकाम करणाऱ्या. या सगळ्या गर्दीला आपण सूज म्हणतो आणि शिव्या देतो. रक्त गरगर फिरवलं की जड तांबड्या पेशी तळाला जातात, वर पिवळं पाणी राहतं आणि प्लेटलेट त्या पिवळ्यात गोळा करता येतात. ते पिवळं दुखऱ्या जागी टोचायचं.

"खात्रीने बरं होईल?" बायकोने विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या. "काहींना होतो फायदा. काही जण नुसता वेळ गेला तरी बरे होतात. अभ्यासांचंही एकमत नाही. आणि नंतर व्यायाम केला नाही तर मी टोचलेलं फुकट. एक मात्र नीट ऐका. आधी आठवडाभर आणि नंतरही, सूज-दुखी उतरवायची गोळी अजिबात घ्यायची नाही."

मी मान डोलावली. माझ्या आयुष्यातल्या बहुतेक चुकांच्या आधी मी अशीच मान डोलावलेली आहे.

आमच्या घरात एक रीत आहे. श्रीखंडाचा रिकामा डबा, त्यात गोळ्या, आणि कुठेही निघायच्या आधी एक गोळी. एसटीने गावी निघालो की उलटीची. लग्नाला निघालो की अ‍ॅसिडिटीची, म्हणजे पंगतीत दबून राहावं लागत नाही. दुखल्यावर औषध तर कोणीही घेतं, आम्ही दुखायच्या आधी घेतो. त्या सकाळी ठाण्याला जायचं, जाडी सुई कोपरात जायची, आणि सुईला मी किती घाबरतो ते फक्त बायकोला माहीत. तेव्हा तिच्या नकळत डबा उघडला, दुखण्याची गोळी काढली आणि चहाबरोबर घेतली. आठवडाभर कडक पथ्य पाळलं होतं. त्याचा शेवट असा गोड केला.

दवाखान्यात मी भलताच फॉर्मात. कारण तिथे सेंट्रिफ्यूज होतं. कंपनीत मी आयुष्यभर सेंट्रिफ्यूजच्या शेजारी उभा राहिलेलो, द्रावण फिरवून त्यातून पावडर वेगळी करत. आमचं यंत्र एवढं की बंद असताना मी आत उतरून साफ करायचो. हे इडलीच्या कुकरएवढं. माझं रक्त काढून त्यात ठेवणाऱ्या मुलीला मी विचारलं, "समोर तेवढ्याच वजनाची नळी ठेवलीत ना? नाहीतर हादरे बसतात."

"ठेवली आहे, काका."

"झाकण लागलंय?"

"लागलंय, काका."

"एकदम ब्रेक मारू नका हं, नाहीतर वेगळं झालेलं परत मिसळतं."

ती बायकोकडे बघून म्हणाली, "काकू, काका घरी मिक्सरही लावू देत नसतील ना?"

"मिक्सर त्यांना माहीत नाही कुठे असतो," बायको म्हणाली.

नळी बाहेर आली. खाली गडद तांबडं, वर सोनेरी पिवळं आणि मधे पांढुरकी रेघ. माझ्याच अंगातून इतकं देखणं काही निघेल असं मला वाटलं नव्हतं. डॉक्टरीणबाई आल्या, हातमोजे घातले, कोपर पुसलं आणि सहज विचारलं, "गोळी वगैरे काही घेतली नाही ना?"

"घेतली तर!" मी अभिमानाने म्हणालो. "सकाळीच. म्हटलं आम्ही ओरडलो तर तुम्हाला त्रास नको."

बाईंनी गोळीचं नाव विचारलं. मी सांगितलं. त्यांनी ती सोनेरी नळी उचलली, उजेडात धरून पाहिली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली.

"काका, ती गोळी प्लेटलेटना चिकटूच देत नाही. चिकटल्या नाहीत तर पुड्या नीट फुटणार नाहीत. तुमचे कामगार ड्यूटीवर आलेत खरे, पण तुम्ही त्यांचे हात बांधून आणलेत. पंधरा दिवसांनी या."

रिक्षात बायकोने माझ्या हातावरचा कापूस काढून पर्समध्ये टाकला. मग म्हणाली, "लोक रक्त देऊन येतात तर त्यांना निदान बिस्किट तरी मिळतं."

पंधरा दिवस श्रीखंडाचा डबा माळ्यावर होता. शिडी शेजाऱ्यांकडे. दुसऱ्या खेपेला सगळं झालं. सुई मी डोळे मिटून सोसली आणि ओरडलो ते फक्त पहिल्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं असावं. त्या रात्रीपासून कोपर जे सुजलं! लाल, गरम, आत कोणी सळई फिरवतंय असं. आणि इमारतीत बातमी पसरली. आमची इमारत प्रेमळ. एक जण आंबेहळदीचा लेप घेऊन आल्या. एक जण बर्फाची पिशवी. वरच्या मजल्यावरच्या आजी शेकायला वाळूची पुरचुंडी घेऊन, धापा टाकत. मी उशीवर कोपर ठेवून दरवाज्याकडे तोंड करून बसलेलो. जो येईल त्याला ओरडून सांगायचो, "सुजू दे! हात लावू नका! बांधकाम चालू आहे!"

"अरे, एवढा लेप तरी लाव रे," आजी म्हणाल्या.

"आजी, तुमच्या लेपाने माझे कामगार घरी गेले तर?"

आजींनी बायकोकडे बघून कपाळाला हात लावला. "ताप डोक्यात गेलाय का गं ह्याच्या?"

"नाही हो आजी, हे असेच आहेत," बायको म्हणाली. "आयुष्यात पहिल्यांदा दुखणं इतकं जपतायत. जपू दे."

व्याह्यांचा फोन आला तोही तक्रारीचा. "अहो, त्या सेमिनारवाल्यांचे मला रोज फोन येतात! आणि माझ्या नंबरावर तुमच्या नावाने! ‘सर, तुमचं पोट तयार आहे का’ म्हणून विचारतात!"

"चुकून झालं असेल," मी म्हणालो. सुजलेल्या कोपरातही हसण्याची कळ वेगळी कळते.

सूज उतरली. आणि मग काहीच झालं नाही. आठवडे गेले, कोपर तसंच. माझा धीर सुटत चालला. खालून जाताना चेअरमननी मुद्दाम ऐकवलं की उशीचं कापड आणलंय, फुलाफुलांचं. फोनवर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कंडरा सावकाश भरते. व्यायाम करताय ना?" या वेळी करत होतो. पाण्याची बाटली धरून हात टेबलावरून पुढे काढायचा, मनगट वर आणि मग अगदी हळू, रुसलेल्या माणसासारखं, खाली. ओला टॉवेल पिळायचा. सुरुवातीला टॉवेल पिळायचो ते मी आणि तोंड वाकडं व्हायचं तेही माझंच. बायको गॅलरीत वाळत घालताना म्हणायची, "आज थोडं कमी टपकतंय हं."

कधी बरं वाटायला लागलं ते मला सांगता येणार नाही. एवढंच आठवतं की एका सकाळी मी पेपर वाचत होतो आणि बायको समोर उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "काय?" माझ्या उजव्या हातातला कप तिने घेतला, काठोकाठ भरला आणि परत उजव्याच हातात दिला.

मग आली नारळी पौर्णिमा. आवारात पंचाची खुर्ची मांडलेली, तिच्यावर फुलाफुलांची उशी. खेळायला कोणीकोणी आलेले, आणि त्यात घोडबंदरहून खास आलेले आमचे व्याही! वाजवून वाजवून निवडलेला, बुटका, जाड कवटीचा नारळ रुमालात बांधून आणलेला. "व्याहीबुवा, आज खुर्ची तुमची," ते म्हणाले. "गुडघ्याने खेळायचं नसतं हो यात, म्हणून आलोय."

पहिल्या दोघांना मी पहिल्याच टोल्याला काढलं. शेवटी उरलो ते मी आणि व्याही. त्यांनी नारळ धरला, मी टोला उगारला, आणि नेमका त्या क्षणी त्यांच्या खिशात फोन वाजला. त्यांचा हात हलला, माझा टोला बसला, नारळ फुटला. पोरांनी आरोळी ठोकली. व्याह्यांनी फोन कानाला लावला, ऐकलं आणि रागाने लाल होऊन फोन माझ्यापुढे धरला. "घ्या! तुमच्यासाठीच आहे! विचारतायत, पोट तयार आहे का!"

सगळं आवार हसून लोळलं. चेअरमन म्हणाले, "झालं, फुटला तो फुटला. जिंकले."

आता इथे मी गप्प बसलो असतो तर खुर्चीतून सुटलो असतो. पण माझ्याच खोडीने फुटलेल्या नारळावर अजिंक्य म्हणवून घ्यायचं? मी म्हटलं, "हा डाव मोजायचा नाही. व्याही, दुसरा नारळ घ्या. आणि या वेळी मी धरतो, तुम्ही हाणा."

बायको वरच्या गॅलरीतून ओरडली, "अहो, कोपर!"

खरी परीक्षा धरण्यातच असते. मारणाऱ्याचं काम एका झटक्याचं, धरणाऱ्याच्या मनगटातून कोपरापर्यंत सगळा हादरा जातो. त्याच हादऱ्याने गेल्या वेळी मूठ सुटून आरसा फुटला होता. मी नारळ मुठीत आवळला. व्याह्यांनी बाह्या सरसावल्या, घोडबंदरच्या रस्त्याचा, फोनचा, सुनेच्या बापाचा, सगळा राग एकवटून टोला हाणला.

हादरा आला. मनगटातून वर चढला, कोपरापाशी पोचला. मी डोळे मिटून कळेची वाट पाहिली. आली नाही. हादरा तिथून गुमान पुढे खांद्यात निघून गेला. डोळे उघडले तर माझा नारळ मुठीत सबंध आणि व्याह्यांच्या हातातून पाणी गळतंय.

त्यानंतर जे झालं त्याचं वर्णन मी नम्रपणे करणार होतो, पण जमणार नाही. पोरांनी मला उचललं. ताशा वाजला. चेअरमननी स्वतः माझा हात धरून हलवला, उजवा, जोराने, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते या वेळी खरंच भावुक होऊन. व्याह्यांना गुडघा आठवला आणि ते समोरच्या खुर्चीत, उशीवर, मटकन बसले. उठायला गेले तेव्हा सगळ्यांनी त्यांना तिथेच पंच म्हणून नेमलं.

मी तिथूनच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. "मॅडम, तुमच्या पीआरपीने नारळ फोडला!"

"अभिनंदन काका! पण एका कोपरावरून काही सिद्ध होत नाही हं. व्यायाम केलात, वेळही गेला."

"मग याचं श्रेय कोणाला द्यायचं?"

"टॉवेल कोणी वाळत घातले?"

संध्याकाळी जिंकलेल्या नारळांची पिशवी उजव्या हातात लटकवून मी विजयी मुद्रेने घरात शिरलो. स्वयंपाकघरात तांदूळ भिजत होते, गूळ चिरलेला होता. इमारतीला नारळीभात जिंकणाऱ्याच्या घरून जातो, ही रीतही मीच घातलेली. जमिनीवर विळी मांडलेली होती आणि विळीसमोर पाट.

"बसा," बायको म्हणाली. "सगळे खोवायचे आहेत. कोपर बरं झालंय ना?"

मी पाटावर बसलो आणि उजव्या हाताने पहिली वाटी उचलली.